गेमिंग मॉनिटर घेताय? तारे नको, तक्रारी वाचा

डहाणू रोडला राहून गेमिंग मॉनिटर घ्यायचा, तर बहुधा ऑनलाइनच. मग आधार उरतो आधी घेतलेल्यांच्या अनुभवाचा. पण पाच तारे अनेकदा पहिल्याच आठवड्यात दिलेले असतात. तो नव्या वस्तूचा आनंद असतो. वर्षभर वापरलेल्याचं मत शोधा.

‘१४४ हर्ट्झचा घेतला, फरकच दिसत नाही’ ही नेहमीची तक्रार. यात अनेकदा मॉनिटरचा दोष नसतो. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० हर्ट्झच राहिलेलं असतं, नाहीतर केबल जुनी असते.

खरी मेख डेड पिक्सेलची. पडद्यावर एखादा ठिपका काळाच राहिला, तरी अनेक कंपन्या तेवढ्यावरून मॉनिटर बदलून देत नाहीत. किती ठिपके झाल्यावर देणार, हे वॉरंटीच्या अटींत आधीच वाचा. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, पूर्ण पांढरा पडदा लावून बघा. आणि ते खोकं माळ्यावर ठेवा, भंगारात नको.

दुरुस्ती घरी येऊन होणार की सर्व्हिस सेंटरला न्यावं लागणार, हेही विचारा. २७ इंची खोकं लोकलमधून कोण नेणार? दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही काम झालं नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दोन वर्षांच्या आत आपल्याच जिल्ह्यासाठीच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेता बेंगळुरूचा असला तरी.