दगडू, नथ आणि लेगसी कोड

तर झालं असं. मागच्या महिन्यात मुलीच्या शाळेतून एक फॉर्म आला. चौथीच्या मुलांची पेंचला दोन दिवसांची सहल, खाली पालकांची सही. मी 'जंगल', 'जीप', 'तंबू' एवढे तीन शब्द वाचले, "काही गरज नाही, पुढच्या वर्षी बघू" म्हणालो आणि लॅपटॉप उघडला. बायको शांतपणे म्हणाली, "अगदी बाबांसारखं बोललास."

राजेहो, लग्नाच्या चौदा वर्षांत मला इतकं लागेल असं कुणी बोललं नव्हतं.

कारण बाबांसारखं व्हायचं नाही, हा माझ्या आयुष्यातला एकमेव पक्का निर्धार. बाबांना पाणी दिसलं की त्यात बुडणारा माणूस दिसतो. जन्मापासून नागपुरात राहूनही मला पोहता येत नाही, ते त्यामुळेच. 2005 साली पुण्यात चांगली नोकरी मिळत होती, तर बाबा तीन दिवस जेवले नाहीत. भांडले नाहीत, ओरडले नाहीत, फक्त जेवले नाहीत. मी राहिलो. आज ते महालात राहतात, मी मनीषनगरला, नोकरी मिहानमध्ये. तरी रोज रात्री सव्वानऊला फोन येतोच : "पोचला का? पाऊस येऊन राहिला का तिकडे?" पुण्याचा राग मी वीस वर्षं जपून ठेवलाय. बँकेतल्या एफडीसारखा. दरवर्षी थोडा वाढतो.

त्याच आठवड्यात हिंगणघाटला आत्याकडे जाणं झालं. आत्या बाबांपेक्षा सहा वर्षांनी मोठी. बोलता बोलता सहलीचा विषय निघाला आणि ती सहज म्हणाली, "तुझ्या बापाच्या आधी दोन गेले ना रे. दोन्ही मुलगेच. मग हा झाला. आईनं त्याला सुपात घालून शेजारणीला देऊन टाकला अन् सव्वा रुपयाला परत विकत घेतला. नाव ठेवलं दगडू. नाकही टोचलं होतं. चार वर्षांचा होईपर्यंत अंगणाबाहेर पाय ठेवू दिला नाही त्याला."

बाबांच्या नाकपुडीवरचा जो ठिपका मी आजवर तीळ समजत होतो, तो तीळ नव्हता.

दगडू, धोंडू, भिकू, केरू, उकिर्डा... ही नावं आपण विनोदाला वापरतो. पण त्यामागचा हिशोब भयंकर आहे. या पोरात नेण्यासारखं काही नाही, हा दगड आहे, केर आहे, आमचा नाहीच, असं मृत्यूला पटवून द्यायचं. ज्या घरात पाळणा दोनदा-तीनदा रिकामा झाला, त्या घराने काढलेली ही पळवाट होती.

आत्याची गोष्ट ऐकताना मला आशीष नंदींचा एक निबंध आठवला. नंदी मूळचे बंगाली, पण मेडिकलचं शिक्षण अर्धवट सोडून ते आपल्या नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात समाजशास्त्राकडे वळले. पुढे अहमदाबादला जाऊन मानसशास्त्र. 1980 साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात गांधीहत्येवर एक लेख आहे, त्यात त्यांनी नथुराम गोडसेचं बालपण तपासलंय. हकीकत ओळखीची वाटेल. 1910 साली बारामतीला जन्म. आधीचे तीन मुलगे तान्हेपणीच गेलेले, मुलगी तेवढी जगलेली. म्हणून या रामचंद्राचं नाक टोचून नथ घातली, काही वर्षं मुलीसारखं वाढवलं, आणि रामचा नथुराम झाला. नंदींचं म्हणणं थोडक्यात असं : गांधींच्या राजकारणाने मर्दानगीच्या, क्षात्रतेजाच्या कल्पनेलाच आव्हान दिलं होतं. त्यांनी सोशिकपणाला, बायकी समजल्या जाणाऱ्या गुणांना ताकद मानलं. ज्याच्या मनात स्वतःच्या पुरुषपणाचा प्रश्न लहानपणापासून उघडा पडलेला, त्याला हे आव्हान सोसवणं सगळ्यात अवघड.

वाचताना अंगावर काटा येतो. सगळं कसं बरोब्बर बसतं! आणि तिथेच माझ्यातला इंजिनीअर कुरकुरायला लागतो. एवढं नीट बसतंय म्हणजे कुठेतरी बग आहे.

आधी हा सायकोडायनॅमिक प्रकार काय ते माझ्या भाषेत सांगतो. माणूस म्हणजे लेगसी कोड. आज स्क्रीनवर दिसतं ते वागणं, पण आत फार जुनी मॉड्यूल्स चालू असतात. ती लहानपणी, तेव्हाच्या अडचणीवर उपाय म्हणून लिहिली गेली. अडचण कधीच संपली, कोड राहिला. त्यात कॉमेंट्स नाहीत आणि ज्याचा कोड त्यालाच तो दिसत नाही. फ्रॉइडने याला अबोध मन म्हटलं. नको असलेली भावना दाबून टाकणं, आपली भीती दुसऱ्याच्या नावावर खपवणं, या मनाच्या बचावाच्या युक्त्या. खुद्द फ्रॉइडचा धाकटा भाऊ ज्युलियस तान्हेपणीच गेला, तेव्हा फ्रॉइड दोन वर्षांचाही नव्हता. त्या भावाचा आपल्याला मत्सर वाटला होता आणि तो गेल्यावर मनात अपराधीपणाची बोच राहिली, असं त्याने 1897 साली मित्राला पत्रात कळवलं होतं. म्हणजे गेलेल्या भावंडांचं ओझं त्यालाही ठाऊक होतं.

आता बग. तत्त्वज्ञ कार्ल पॉपरने एक उदाहरण दिलं होतं. एक माणूस पोराला बुडवायला पाण्यात ढकलतो, दुसरा पोराला वाचवायला जीव देतो. फ्रॉइडच्या सिद्धांताने दोघांचंही वागणं समजावता येतं : पहिल्याने भावना दाबली, दुसऱ्याने तिला उदात्त वळण दिलं. ॲडलरचा न्यूनगंड घ्या, तोही दोघांना लागू पडतो. पॉपर म्हणतो, जो सिद्धांत काहीही घडलं तरी बरोबरच ठरतो, तो सांगत काहीच नाही. कुठलाही इनपुट द्या, टेस्ट पासच. अशा टेस्टवर कोण विश्वास ठेवेल?

आणि पॉपरचं उदाहरण मला हिंगणघाटातच सापडलं. आत्याला विचारलं, गल्लीत अजून कोणी दगडू-धोंडू होते का? "एक धोंडू होता ना! तोही तसाच, नवसाचा. पूर आला की वणेत उड्या मारायचा मेला." एकच इनपुट, दोन उलटे आउटपुट. बाबा पाण्याला भितात कारण त्यांना मरणाच्या सावलीत वाढवलं. धोंडू पुरात उडी घेतो... कारण त्यालाही मरणाच्या सावलीत वाढवलं! सांगा आता.

नथुरामचंही तसंच. महाराष्ट्रात नाक टोचलेली, दगडू-धोंडू नावाची किती मुलं वाढली असतील! त्यांनी शेती केली, मास्तरकी केली, नातवंडं खेळवली. उलट त्याच कटात जन्मठेप झालेला सख्खा भाऊ गोपाळ, किंवा नथुरामबरोबर फाशी गेलेला नारायण आपटे, यांना कुठल्या नथीने समजावणार? तिथे विचारसरणी होती, संघटना होती, फाळणीनंतरचा पेटलेला काळ होता, आणि पूर्ण शुद्धीत केलेली निवड होती. नंदींनी राजकारणाचा विचार केलाय, तेवढे ते हुशार आहेतच. पण आपल्या लक्षात राहते ती नथ. कारण नथीने गोष्ट सोपी होते, आणि खुन्याच्या हातातलं पिस्तूल हळूच त्याच्या आईच्या हातात जातं. हे मला मान्य नाही.

मग हे सगळं टाकाऊ? तसंही नाही. या पद्धतीचे मानसोपचार अनेकांना खरोखर उपयोगी पडतात, त्यावर बरंच संशोधन झालंय. माझा आक्षेप वेगळा आहे. हे हत्यार निकाल द्यायला वापरू नये, चौकशी करायला वापरावं. मेलेल्या माणसावर किंवा टीव्हीवरच्या पुढाऱ्यावर ते चालवलं तर समोरचा "नाही, असं नव्हतं" म्हणू शकत नाही. ऑफिसात आपण हेच करतो : "तो ना, डॅडी इश्यूज आहेत त्याला." झालं, निकाल! पण जिवंत, जवळच्या माणसाला विचारता येतं. आणि स्वतःला तर रोज विचारता येतं.

बाबांना मी विचारलं. एवढंच : "दगडू नाव कधी बदललं?" ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "शाळेत घालताना. पण आई शेवटपर्यंत दगडूच म्हणायची." आणि थोड्या वेळाने, "ती रात्री उठून माझ्या नाकापाशी हात धरून पाहायची. श्वास चालू आहे का म्हणून."

सव्वानऊचा फोन म्हणजे आजीचा तो हात आहे, असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही. भित्रेपणा आमच्या जीन्समध्येही असेल, कोण जाणे. पुण्याचा राग यामुळे गेला असंही नाही, नुकसान झालं ते झालंच. पण वीस वर्षं मी ज्याला हट्ट समजत होतो तो हट्ट नव्हता, एवढं कळलं. आणि हा हात माझ्यापर्यंत आलाय, तो मुलीच्या नाकापाशी धरायचा की नाही, हे मात्र मी ठरवू शकतो.

फॉर्मवर सही केली. पोरगी गेली, धुळीने माखून परत आली, वाघ दिसला नाही म्हणून चिडली होती. त्या दोन दिवसांत मी शाळेत किती फोन केले ते विचारू नका :-)

बाबांचा फोन अजून सव्वानऊलाच येतो. हल्ली मी पहिल्या रिंगला उचलतो.