शेजारचा कोंबडा आणि घरची अंडी

बैठकीत कापसाच्या भावावर बोलून झाले, की जाता जाता एखादी बाई हळूच विचारते, "भाऊ, शेजाऱ्याचा कोंबडा आमच्या कोंबड्याइले जीव नकोसा करते, त्याचं काय करावं?" बापे हसतात. आम्हाला हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि आल्या पावली कर्जात जातो. अंड्यांचा पैसा आठवडी बाजाराला येतो आणि बाईच्या हातात राहतो. तेल-मीठ, पोराची वही, तापाची गोळी त्यातूनच निघते.

नुकसान नेमके काय, ते पाहू. अंडे घालायला कोंबडीला कोंबडा लागत नाही. तो लागतो पिले काढायला, आणि आठ-दहा कोंबड्यांमागे एक पुरतो. घरचा असताना दुसरा आला की झुंजी होतात, कोंबड्यांच्या पाठीची पिसे जातात, नखांच्या जखमा होतात, अंडी घटतात. कोंबडा लागल्यावर पुढे दोनेक आठवडे फलित अंडी येत राहतात, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती लवकर नासतात.

मोठा धोका मानमोडीचा. १९२७ साली राणीखेतला आढळली म्हणून डॉक्टर तिला राणीखेत म्हणतात. आजारी पक्ष्याच्या लाळेतून, विष्ठेतून ती अंगणे ओलांडते. तिच्यावर औषध नाही, लस आहे.

कायद्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. इंग्रजांनी १८७१ साली कोंडवाड्याचा कायदा केला. त्याच्या यादीत हत्ती-उंटापासून शेळी-डुकरापर्यंत जनावरे आली. कोंबडा आला नाही. गोटा मारून त्याला लंगडा केला तर वैर कायमचे, आणि ठाण्याच्या फेऱ्यांत कोंबड्याच्या कितीतरी पट पैसा जातो.

मग करावे काय? आधी आपले अंगण पाहावे. दाणे उघड्यावर फेकू नयेत; खुराड्याजवळ टाकावेत, उरलेले उचलावेत. तुराट्यांचा कूड करून वर जुने जाळे टाकावे. पऱ्हाट्या मात्र वापरू नयेत, त्यांच्या बोंडांत गुलाबी अळी दडून राहते.

खरा तोडगा गल्लीचा आहे. लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची असते आणि तयार केल्यावर काही तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या एका घराला ती परवडत नाही, गल्लीला परवडते. तेव्हा पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून एक दिवस ठरवावा आणि त्या दिवशी सगळ्या घरच्या कोंबड्यांना लस द्यावी. त्याच बैठकीत कोंबड्यांचाही हिशेब करावा: चांगले निवडून ठेवावेत, जादा असतील ते बाजार दाखवावेत. घरचाच कोंबडा घरच्याच तलंगांना पिढ्यानपिढ्या लागला तर पिले खुरटी निघतात, म्हणून शेजारचा कोंबडा कामाचाही आहे. फक्त तो बोलावल्यावर यावा; एरवी त्याच्या मालकाने त्याला कोंडावे.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असे आपण म्हणतो. पण कोंबडं वेळेवर झाकलं तर दोन घरांमधलं भांडण मात्र राहतं. हा ठराव बायांनीच करावा. कोंबड्या त्यांच्या आहेत, पैसाही त्यांचा आहे. बाप्यांनी कूड बांधून द्यावा.