माणसांचा तुरटपणा

आमच्या घरात वाईन कधी आली नाही. पण ती कशी बनते हे वाचल्यापासून नात्यातल्या प्रत्येकाला मनातल्या मनात बाटलीत भरायची खोड मला लागली आहे.

आमचे भावजी म्हणजे शॅम्पेन! ती बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते, म्हणून वायू आत कोंडून राहतो आणि बूच निघताच फसफसतो. भावजी आले की घर हसतं. अडीअडचणीला मात्र फेस विरलेला असतो.

आत्याबाई सोतेर्नसारख्या. फ्रान्समधली ही गोड वाईन बुरशी लागलेल्या द्राक्षांची करतात. बुरशीने द्राक्षातलं पाणी आटतं आणि साखर दाट होते. ऐन तिशीत वैधव्य आलेल्या आत्याबाईंच्या तोंडून मी कधी कडू शब्द ऐकला नाही.

आणि मामंजी? ते बोर्दोची तांबडी वाईन. साली-बियांतल्या टॅनिनमुळे ती सुरुवातीला जीभ आवळते. चांगली असेल तर वर्षं गेल्यावर मऊ होते. लग्नानंतर दहा वर्षं मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. शेवटच्या वर्षी त्यांची नजर अधू झाली, तेव्हा रोज दुपारी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवू लागले. बातम्या राहायच्या बाजूला, आम्ही गप्पाच मारायचो. ते गेले, तेव्हा मला त्या वाया घालवलेल्या दहा वर्षांचं रडू आलं.

तुमच्याही घरात असं एखादं तुरट माणूस असेल. पहिल्या घोटावरून त्याची पारख करू नका.