मागें राहिलेलें कुत्रें

दारव्ह्याकडील एका भगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. घरीं मोत्या व काळू हीं दोन कुत्रीं आठ वर्षें एकत्र वाढलेलीं. वैशाखाच्या अखेरीस मोत्या वारला. तेव्हांपासून काळू अर्धें अन्न टाकतो, मोत्याच्या गोणपाटावर तोंड ठेवून पडून राहतो आणि रात्रीं गळा काढतो. हें रडणें घरास अशुभ, सबब त्यास शेतावर नेऊन सोडावें, असें वडील मंडळींचें मत आहे. सूनबाईंस तें पटत नाहीं, पण सासूबाईंपुढें बोलवत नाहीं. ‘आपण लिहिलेंत तर घरांत वाचलें जाईल,’ असें त्या म्हणतात. तेव्हां हें लेखन वडील मंडळींसच उद्देशून आहे.

शकुनाचा विचार करावयाचाच तर महाभारताचें आदिपर्व उघडावें. जनमेजयाच्या सत्रापाशीं सरमेचा पुत्र आला. त्यानें हविर्द्रव्य चाटलें नव्हतें, त्याकडे पाहिलेंही नव्हतें. तरी राजाच्या भावांनीं त्यास मारिलें. सरमेनें जाब विचारला, कोणीं उत्तर दिलें नाहीं, तेव्हां तुम्हांवर अकल्पित भय येईल असा तिनें शाप दिला. राजा त्यानें इतका व्याकुळ झाला कीं, पापशमनासाठीं पुरोहित शोधीत फिरला. कुत्र्याच्या रडण्यानें घर बुडाल्याची कथा मला ग्रंथांत आढळली नाहीं. ही मात्र आरंभींच आहे.

कुत्र्यास कसला शोक, असें विचारणारांनीं आपल्या गड्यास विचारावें. जोडींतला एक बैल गेला कीं दुसरा कित्येक दिवस जुवाखालीं अंग टाकतो आणि नवा जोडीदार शेजारीं बांधल्यास शिंग उगारतो, हें या कापसाच्या मुलुखांत पोरांसही ठाऊक आहे. कुत्र्यांविषयीं इटलींतील विद्वानांनीं ४२६ पाळणारांस विचारून सन २०२२ मध्यें एक निबंध प्रसिद्ध केला. शेंकडा ८६ जणांस मागें राहिलेल्या कुत्र्याच्या वागण्यांत फरक दिसला: खेळणें कमी, निजणें अधिक, अन्न कमी, आणि माणसाची सोबत मागणें सर्वांत अधिक. सुमारें चौथाई घरांत हें सहा महिन्यांहून जास्त टिकलें. हें सारें धन्यांनीं सांगितलेलें. स्वतःचें दुःख ते कुत्र्यावर आरोपित असतील, हा आक्षेप मला ग्राह्य वाटतो. परंतु सहवास किती वर्षांचा यापेक्षां सख्य कसें होतें यास महत्त्व, आणि घरचीं माणसें जितकीं व्याकुळ तितकें कुत्रें भ्यालेलें व अन्नाविषयीं उदास, असेंही त्यांस आढळलें.

मात्र सर्वच शोकाच्या नांवावर ढकलूं नये. मोत्या गोचिडांच्या तापानें गेला असल्यास तींच गोचिडें काळूच्या कानांमागें व बोटांच्या बेचक्यांत असतील, तीं पाहावीं. दोन दिवस अन्नास मुळींच तोंड न लावल्यास, अगर ओकाऱ्या होत असल्यास, पशुवैद्यकीय दवाखाना गांठावा. लाळ गळूं लागली, आवाज बदलला, पाणी गिळवेना, तर मुलांस दूर ठेवून तत्काळ पशुवैद्यास कळवावें. पिसाळण्याचीं लक्षणें दिसल्यावर उपाय नाहीं. कोणास चावा वा ओरखडा झाला असल्यास जखम साबणानें धुऊन त्याच दिवशीं लस घ्यावी.

रोग नसल्यास वेळा सांभाळाव्या. जेवण नेहमींच्या घटकेस, नेहमींच्या जागीं द्यावें. बिनफोडणीच्या कोमट वरणांत भाकरी कुसकरावी. वासानें भूक चाळवते. दया येऊन शिरा पुढें करूं नये, त्यांतील बेदाणे कुत्र्यास अपायकारक असतात, कांदाही तसाच. गोणपाट धुण्याची घाई नको. काळू आपण होऊन त्यावरून उठेल. रात्रीं गळा काढल्यास काठी नको, आणि दर वेळीं धांवत जाऊन लाडही नकोत. रडलें कीं माणूस येतें, हें कुत्रें चार दिवसांत शिकतें. त्याची निजण्याची जागा अंगणांतून ओसरीवर, आजोबांच्या खाटेजवळ आणावी. रात्र दोघांसही मोठी असते, हें मी अनुभवानें लिहितों.

राहिला शेताचा प्रश्न. जागलीवरचीं कुत्रीं दोनतीन मिळून रानडुकरांवर भुंकतात. घरीं वाढलेल्या, एकट्या पडलेल्या काळूस तेथें सोडणें म्हणजे डुकराच्या सुळ्यापुढें लोटणें होय. हें मला मान्य नाहीं, आणि वडील मंडळींसही शांतपणें विचार केल्यास होणार नाहीं.

सूनबाई नवें पिलू आणूं पाहतात. मोत्या पार्वोच्या हगवणीनें गेला असल्यास तो विषाणू अंगणाच्या मातींत कित्येक महिने राहतो. लशी पूर्ण झाल्यावांचून पिलू त्या घरांत येऊं नये. तसें नसलें तरी दुखावलेल्या कुत्र्यास पिलाची दंगामस्ती सोसवत नाहीं. दसऱ्यापर्यंत थांबावें. तोंवर काळू पूर्ववत् फाटकापर्यंत धांवूं लागला, तर दोघांची पहिली भेट घराबाहेर मोकळ्या जागीं करावी, आणि घरीं आल्यावर भाकरी आधीं काळूस घालावी.