एक पट पुरे

माझं हरणाच्या शिकारीला जाणं घरच्यांना अजून पटलेलं नाही, ठाऊक आहे. तरी लिहितोच.

पहिल्या वर्षी हौसेने ३ ते ९ पट मोठं दाखवणारा स्कोप घेतला. जास्त पट म्हणजे जास्त चांगलं, हा आपला हिशोब! पण इथे पेनसिल्व्हेनियाच्या दाट रानात हरीण ५० यार्डांवर अचानक समोर येतं. स्कोप ९ वर राहिलेला. डोळा लावला तर नुसता तपकिरी रंग. खांदा कुठला, पोट कुठलं, कळेना. मुकाट्याने बंदूक खाली घेतली. जखमी होऊन पळालं असतं तर?

आता १ ते ४ पटांचा वापरतो. १ वर दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात. १०० यार्डांवर साधारण १०० फूट रुंदीचं रान दिसतं. ९ वर जेमतेम १४ फूट. लांबचा नेम साधत नाही, कबूल. पण या झाडीत लांबचं दिसतंय कुणाला?

खरं कारण वेगळंच आहे. इथे शिकाऱ्याला नारिंगी जाकीट-टोपी घालावी लागते. चाप ओढण्याआधी हरणाच्या आजूबाजूला, मागे तो रंग नाही ना, हे मला दिसायला हवं.

ताई, आईला एवढं तरी वाचून दाखव.