ट्रॉलीचा हौदा मागून बघा, आधी दांडा मोजा



सोयाबीनच्या पैशात यंदा नवी ट्रॉली घ्यायची असं घरात ठरलंय. पोराचं म्हणणं बारा फुटी हौदा घेऊ, भाडं जास्त मिळतं. माझं म्हणणं दहा फुटी बस झाला. त्यावरून आठ दिवस वाद चाललाय. पण खरं सांगतो, आपल्याकडं ट्रॉली घेताना जो तो हौद्याची लांबी विचारतो, पत्रा किती गेजचा ते विचारतो, रंग बघतो. दांडा किती लांब आणि आख कुठं बसवलाय हे कुणी विचारत नाही. मी पण विचारलं नव्हतं. म्हणून हे लिहितोय.

आमच्या वाशी-भूमकडं पवनचक्क्या झाल्या तेव्हा ते लांबलचक पातं नेणारे ट्रेलर तुम्ही पण बघितले असतील. येडशीच्या पुढं हायवेला उभं राहून लोक फोटो काढायचे. मी मात्र बघत होतो की एवढं धूड जोडलंय कुठं. असल्या ट्रेलरचं पुढचं टोक हुकाला नसतं, पुढच्या ट्रकच्या पाठीवर, मागच्या चाकांच्या वर एका गोल तव्यावर बसवलेलं असतं. त्याला पाचवं चाक म्हणतात. वजन थेट चाकांवर येतं, म्हणून ट्रकचं तोंड उचलत नाही. अमेरिकेत लोक पिकअपच्या हौद्यात असाच तवा बसवून मोठे ट्रेलर ओढतात. त्यांच्यात वाद असतो तो हौदा साडेसहा फुटी घ्यावा का आठ फुटी. कारण हौदा आखूड असला की वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेत घुसतो. म्हणजे आपला आणि त्यांचा प्रश्न एकच.

आपल्या ट्रॅक्टरचा हूक मात्र मागच्या आखाच्या दोन-अडीच फूट मागं असतो. सगळी गंमत तिथंच आहे.

माझी पहिली ट्रॉली एका वर्कशॉपमध्ये बनवून घेतली. शेडमध्ये मावावी म्हणून दांडा मीच आखूड करायला लावला. चूक माझीच. बांधाच्या कोपऱ्यावर कट मारून वळलो आणि हौद्याचा कोपरा मोठ्या टायरच्या बाजूत घुसला. टायर फाटला. टायरची किंमत ज्यानं भरलीय त्यालाच ठाऊक. तेव्हापासून माझा हिशोब सोपा आहे. सुतळी घ्यायची, एक टोक हुकाच्या पिनेवर धरायचं, दुसरं मागच्या टायरच्या बाहेरच्या कडेला. साधारण तीन फूट भरतं. पिनेपासून हौद्यापर्यंत दांडा त्यापेक्षा फूटभर तरी जास्त पाहिजे. कडबा भरणार असाल तर हौद्यापासून मोजू नका. पेंढ्या पुढं किती बाहेर येतात तिथून मोजा.

मग लांबच लांब दांडा घ्यावा का? तेही नाही. पिनेपासून आख जेवढा लांब, तेवढी ट्रॉली वळताना आत कापत येते. अरुंद पाणंदीत मागचं चाक बांधावर चढतं नाहीतर चारीत उतरतं. चार फुटाच्या आसपास मला बरोबर वाटतो.

आता आखाचं. जुने लोक बैलगाडी भरताना एक गोष्ट बघायचे, गाडी धुरजड झाली का उलाळ झाली. धुरजड झाली की बैलांच्या मानेवर ओझं, उलाळ झाली की जू वर उचलतंय. दोन चाकी ट्रॉलीचं अगदी तेच आहे, फक्त बैलाच्या जागी हूक. हिशोब करून बघा. दहा फुटी हौदा, चार फूट दांडा, आख हौद्याच्या मध्यापासून 1 फूट मागं. म्हणजे पिनेपासून आख 10 फूट. 50 क्विंटल माल सारखा भरला तर हुकावर 5 क्विंटल येतात. तोच आख 2 फूट मागं बसवला तर 50 गुणिले 2 भागिले 11, म्हणजे 9 क्विंटल. एका फुटानं जवळपास दुप्पट. रिकाम्या ट्रॉलीचं वजन यात धरलंच नाही. हूक अडीच फूट मागं असल्यामुळं या 9 क्विंटलनं पुढच्या चाकांवरचे साडेतीन क्विंटल कमी होतात. ट्रॅक्टर वीस क्विंटलचा असला तर पुढच्या चाकांवर असतातच किती, सात-आठ. त्यातले निम्मे इथंच गेले, चढाला ओढ लागल्यावर आणखी हलकं होतं.

हे मी कागदावर नंतर शिकलो. आधी ओढ्यात शिकलो. सोयाबीनचे कट्टे सगळे हौद्याच्या पुढच्या बाजूला रचले होते, खळ्यावरून घरी यायचं म्हणून सात बायका त्यावरच बसल्या. ओढ्यातून वर निघताना पुढची चाकं उचलली. डोळ्यापुढं नुसतं आभाळ. क्लच दाबला, चाकं धाडकन खाली आली, आणि मग ट्रॉली मागं ओढायला लागली. दोन्ही ब्रेक एकदम दाबून कसाबसा थांबलो. कुणाला काही झालं नाही. त्यातल्या एक काकू उतरून म्हणाल्या, "भाऊ, आम्ही चालत येतो." त्या दिवसापासून माझ्या ट्रॉलीत माणूस बसत नाही. कायद्यानं पण ट्रॉली मालासाठीच आहे, पण आपल्याला कायदा ओढ्यात गेल्यावर आठवतो.

म्हणून काहीजण हुकावर वजन नको म्हणून आख अगदी मध्यावर मागतात. तसंही करू नका. हुकावर थोडं वजन असलं की मागच्या चाकाला पकड मिळते. आणि माल उतरवताना पुढचे कट्टे आधी काढले की ट्रॉली उलाळ होऊन दांडा वर येतो. पिन काढलेली असली तर माणूस मारेल. आणि ओढायला जड जातंय म्हणून हूक वर घेऊन आखाच्या उंचीच्या वर साखळी बांधणारे बहाद्दर आहेत, त्यांना हात जोडून सांगतो, ट्रॅक्टर उलटा अंगावर येतो.

चार चाकी ट्रेलरला हुकावर वजन जवळजवळ येत नाही. कारखान्याला ऊस न्यायचा तर तो ठीक, पण चिखलात ट्रॅक्टर घसरतो आणि रिव्हर्स घेताना भल्याभल्यांना घाम फुटतो. माझ्यासारख्या सोयाबीन-ज्वारीवाल्याला दोन चाकीच बरी.

पोराला म्हटलं, बारा फुटी घे, पण हौदा लांबला म्हणून माल वाढवायचा नाही, आणि दांडा-आखाचं माप मी देणार. अजून हो म्हणाला नाही. सोमवारी सुतळी खिशात घालून दोघं वर्कशॉपला जाणार आहोत. तुमच्या ट्रॉलीचा दांडा पिनेपासून किती फूट आहे आणि टायरला कधी घासला का, खाली लिहा. जाण्याआधी वाचून घेतो.