डब्याचा लपंडाव

मंडळी, माणसांचा लपंडाव आपण सारेच खेळलो. आता डब्याचा ऐका. नाव जिओकॅशिंग.

अमेरिकेत ओरेगन राज्यात ३ मे २००० रोजी डेव्ह उल्मर यांनी रानात एक काळी बादली लपवली. आत वही, पेन्सिल, पुस्तके, गलोल, शिवाय घेवड्याचा डबा! आदल्याच दिवशी सरकारने उपग्रहांच्या संदेशातली मुद्दाम ठेवलेली चूक काढली होती. जागा आता नेमकी सापडते का, हे त्यांना पाहायचे होते.

आता घरची घरे मोबाईल घेऊन असे डबे शोधतात. मोबाईल जवळपास नेतो. पुढे मुलांचेच डोळे! सापडला की वहीत नाव लिहायचे, वस्तू घेतली तर दुसरी ठेवायची. खाऊ मात्र नको, जनावरे डबा फोडतात. आणि जमीनमालकाला आधी विचारायचे. बांधाचा प्रश्न तिथेही आहेच!